लॅपटॉपच्या वाय-फायमुळे लॉग फुगतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आहे. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, काहीही चालेल. तक्रार साधारण सारखीच असते: वाय-फाय नीट चालू आहे, नेट येतंय, पण सिस्टिम लॉगमध्ये त्याच त्या त्रुटींचा पाऊस पडतोय, पंखा फिरतोय आणि एक दिवस ‘डिस्क भरली’ असा निरोप येतो. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत टाका. ‘डीएमईएसजी’ म्हणजे ती पाच अक्षरं.

डिस्क शंभर टक्के भरली आहे आणि लॉगिनच होत नाही. आधी काय करू?

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येत असेल, तर डेस्कटॉपला आपल्या छोट्या फाइली लिहायला जागा उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळा पडदा येईल, तिथे नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरा. बहुतेक वेळा शिरता येतं. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते, त्यामुळे ‘सुडो’ने चालवलेल्या आज्ञांना थोडी जागा मिळते. तिथेही अडलं तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, यादीतून रिकव्हरी मोड निवडा आणि रूट शेलमध्ये आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या.

मग पाहा जागा कोणी खाल्ली: ‘सुडो डीयू -एसएच /वार/लॉग/*’. सिसलॉग आणि कर्न.लॉग या दोन फाइली अनेक जीबींच्या दिसल्या, तर तुम्ही योग्य पानावर आला आहात. त्या रिकाम्या करायला (पण आधी पुढचा परिच्छेद वाचा) ‘सुडो ट्रंकेट -एस ० /वार/लॉग/सिसलॉग’ द्या, तसंच कर्न.लॉगसाठी. शेवटी .१ असलेल्या जुन्या प्रती सरळ काढून टाका. जर्नलसाठी, म्हणजे सिस्टिमडी वेगळा ठेवतो त्या लॉगसाठी, ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम’. इथे एम मोठा.

रिकामं करण्याआधी शेवटच्या दोनशे ओळी बाजूला काढून ठेवा: ‘टेल -एन २००’ देऊन एखाद्या फाइलमध्ये. पुढचं सगळं निदान त्या ओळींवरच होतं. घाईघाईत सगळं पुसून मग ‘त्रुटी काय होती ते आठवत नाही’ म्हणणारेच जास्त भेटतात.

मी तर सिसलॉग फाइल डिलीटच केली. तरी जागा सुटली नाही, असं कसं?

लॉग लिहिणारी सेवा, म्हणजे आरसिसलॉग, ती फाइल उघडी धरून बसलेली असते. नाव गेलं तरी मजकूर डिस्कवर तसाच राहतो आणि सेवा त्यातच लिहीत राहते. सेवा पुन्हा सुरू करा, ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट आरसिसलॉग’, की जागा सुटते. म्हणूनच वर डिलीटऐवजी ट्रंकेट सांगितलं आहे.

लॉगमध्ये सेकंदाला कितीतरी वेळा तोच मजकूर येतोय. तो नेमका काय म्हणतोय?

‘सुडो डीएमईएसजी’ (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, मजकूर दाखवणारी आज्ञा) दिल्यावर चार ओळींचा असा गट पुन्हा पुन्हा दिसतो. उच्चारानुसार लिहिला तर असा:

पीसीआयईपोर्ट ००००:००:१सी.५: एईआर: करेक्टेड एरर रिसीव्ह्ड: आयडी=००ई५
पीसीआयई बस एरर: सिव्हिरिटी=करेक्टेड, टाइप=फिजिकल लेअर, आयडी=००ई५ (रिसीव्हर आयडी)
डिव्हाइस [८०८६:९डी१५] एरर स्टेटस/मास्क=०००००००१/००००२०००
[ ०] रिसीव्हर एरर

पहिल्या ओळीतला पत्ता वाचा. ००:१सी.५ म्हणजे शून्य क्रमांकाची बस, १सी हे उपकरण, त्यातलं ५ क्रमांकाचं फंक्शन. पुढचा ००ई५ हा तोच पत्ता आहे, फक्त एकाच संख्येत कोंबलेला. नवीन कर्नलमध्ये तिथेही पूर्ण पत्ताच छापून येतो. कंसातला ८०८६ हा इंटेलचा क्रमांक आणि ९डी१५ हे इंटेलच्या चिपसेटमधलं सहावं पीसीआय एक्सप्रेस (कार्डं मदरबोर्डाला जोडणारा मार्ग) पोर्ट. म्हणजे तक्रार करणारं वाय-फाय कार्ड नाहीच. ते कार्ड ज्या पोर्टाला जोडलंय, ते पोर्ट सांगतंय की ‘पलीकडून आलेला सिग्नल मला नीट वाचता आला नाही’. तक्रारीत कार्डाचं नाव कुठेच नसतं, त्यामुळे महिनोन्महिने लोक चुकीच्या ड्रायव्हरमागे धावतात.

स्टेटसमधला शेवटचा १ म्हणजे शून्यावं बिट लागलं, अर्थात रिसीव्हर एरर. तिथे ४० दिसलं तर सहावं बिट, बॅड टीएलपी: पाकीट पोचलं पण खराब. ८० म्हणजे सातवं, बॅड डीएलएलपी: दुवा सांभाळणारं छोटं पाकीट खराब. १००० म्हणजे बारावं, रिप्ले टायमर टाइमआउट: पोच वेळेत आली नाही म्हणून पाकीट पुन्हा पाठवलं. वाय-फाय कार्डांच्या बाबतीत रिसीव्हर एरर आणि रिप्ले टायमर या दोन जास्त भेटतात.

‘करेक्टेड’ म्हणजे दुरुस्त झालेली ना? मग ओरड कशाला?

दुरुस्तच झालेली. हार्डवेअरने चूक पकडली, गरज होती तिथे पाकीट पुन्हा मागवलं आणि काम पुढे गेलं. तुमच्या डाउनलोडमधला एकही बाइट त्यामुळे बिघडत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमांत चुकांना जागाच ठेवलेली आहे: एक लाख कोटी बिटांमागे जास्तीत जास्त एक चूक चालते. वाय-फाय कार्ड साधारण एका लेनवर, पहिल्या पिढीच्या वेगाने म्हणजे सेकंदाला अडीचशे कोटी बिटांनी बोलत असतं. हिशेब केला तर चारशे सेकंदांत एखादी चूक नियमात बसते. दिवसाला दहा-वीस नोंदी दिसत असतील तर हे पान बंद करून चहा घ्या.

सेकंदाला शंभर येत असतील तर मात्र गोष्ट वेगळी. नोंद सुमारे ४०० बाइटांची धरली तर सेकंदाला ४० केबी, दिवसाला साडेतीन जीबीच्या आसपास. उबुंटूत कर्नलचा मजकूर सिसलॉग आणि कर्न.लॉग या दोन्हींत जातो, म्हणजे सात जीबी. शिवाय दर वेळी प्रोसेसरला थांबवून लिहायला लावलं जातं, त्यात बॅटरी जाते आणि एसएसडीवर फुकटचं लेखन होतं. चूक निरुपद्रवी असली तरी तिची नोंद निरुपद्रवी नाही.

दोष वाय-फायचाच आहे, हे कसं ओळखायचं?

‘एलएसपीसीआय -टीव्ही’ द्या. झाडासारखी आकृती येते. त्यात १सी.५ शोधा आणि त्या फांदीच्या टोकाला कोण आहे ते पाहा. तिथे रिअलटेक, क्वालकॉम अ‍ॅथरॉस, मीडियाटेक किंवा इंटेलचं वायरलेस नाव दिसलं की झालं. तिथे एनव्हीएमई डिस्क (याच मार्गाने जोडलेली एसएसडी) दिसली तर विषयच बदलला, त्याबद्दल खाली आहे.

मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’ने कार्डाचा क्रमांक आणि त्याला लागलेला ड्रायव्हर दोन्ही कळतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अ‍ॅथरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम.

पक्कं करायचं असेल तर मोजा. कर्नल ४.१९ पासून प्रत्येक उपकरणाच्या फोल्डरमध्ये ‘एईआर_डेव्ह_करेक्टेबल’ नावाची फाइल असते (/सिस/बस/पीसीआय/डिव्हायसेस/ खाली, त्या पत्त्याच्या फोल्डरात). तिच्यात प्रत्येक प्रकारच्या चुकीचा आकडा असतो. तो वाचा, एक मोठी फाइल वाय-फायवरून उतरवा, पुन्हा वाचा. मग लॅपटॉप पाच मिनिटं नुसता ठेवा आणि परत वाचा. डाउनलोड चालू असताना आकडा शांत आणि रिकामं बसल्यावर उडी मारतोय, असं झालं तर कारण जवळजवळ सापडलंच.

रिकामं बसल्यावर चुका जास्त का होतात? उलट व्हायला हवं ना?

वाचवलेल्या विजेपायी. पीसीआय एक्सप्रेसमध्ये एएसपीएम नावाची सोय आहे: दोन उपकरणांमधल्या दुव्यावर रहदारी नसली की तो दुवा डुलकी घेतो. हलकी डुलकी म्हणजे एल०एस, गाढ म्हणजे एल१, आणि त्याच्याही खाली एल१.१ आणि एल१.२. वाय-फाय कार्ड बराच वेळ नुसतं राउटरच्या हाकेची वाट पाहत असतं, त्यामुळे त्याचा दुवा सेकंदाला कितीतरी वेळा झोपतो आणि उठतो. उठताना दोन्ही बाजूंनी ठरलेल्या वेळात सूर जुळवायचा असतो. स्वस्त कार्डांना आणि काही लॅपटॉपांच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) तो वेळ नीट सांभाळता येत नाही. पहिली काही चिन्हं फाटकी येतात, पोर्ट ‘रिसीव्हर एरर’ लिहितं, आणि लगेच सगळं सुरळीत होतं. दर उठण्याला एक नोंद.

ज्याला आपण ‘ड्रायव्हरचा प्रॉब्लेम’ म्हणतो तो म्हणूनच पुष्कळदा ड्रायव्हरचा नसतो. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, गिटहबवरून तिसराच ड्रायव्हर आणून बसवणं, या खटपटीतून काही हाती लागत नाही. कर्नल अपडेट झालं की तो तिसरा ड्रायव्हर मोडतो आणि मग नेटही जातं.

नेटवर सगळे ‘पीसीआय=नोएईआर’ टाका म्हणतात. टाकू?

टाकलंत तर लॉग लगेच शांत होईल, यात शंका नाही. पण चूक थांबणार नाही, फक्त एईआर, म्हणजे चुका कळवणारी यंत्रणा, बंद होईल. ही तक्रारपेटीला कुलूप लावण्यासारखी दुरुस्ती आहे. आणि ते कुलूप एका वाय-फाय पोर्टाला नाही, सगळ्या लॅपटॉपला लागतं. उद्या एनव्हीएमई डिस्कच्या दुव्यावर खरोखरची, न सुधारलेली चूक झाली, तर कर्नल त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: हा शेवटचा उपाय. रात्री अकरा वाजता डिस्क भरली आहे आणि सकाळी परीक्षेचं सादरीकरण आहे, तर टाका, काम उरका, आणि रविवारी काढून खालचं करा.

‘पीसीआय=नोएमएसआय’ हाही सल्ला फिरतो. तो संदेशावर चालणारे इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला मारलेल्या हाका) सगळ्याच उपकरणांसाठी बंद करतो. काही मशीनवर लॉग थांबतो खरा, पण त्याची किंमत डिस्कपासून ग्राफिक्सपर्यंत सगळ्यांना मोजायला लागते. मी तो सुचवत नाही.

मग नेमकं काय करायचं?

आधी मशीन बंद न करता चाचणी घ्या. ‘कॅट /सिस/मॉड्यूल/पीसीआयई_एएसपीएम/पॅरामीटर्स/पॉलिसी’ दिल्यावर चार शब्द दिसतील: डिफॉल्ट, परफॉर्मन्स, पॉवरसेव्ह, पॉवरसुपरसेव्ह. चालू असलेला चौकोनी कंसात असतो. आता ‘इको परफॉर्मन्स | सुडो टी’ (टी म्हणजे टी-ई-ई ही तीन अक्षरं) आणि पुढे तोच फाइलचा पत्ता. दुसऱ्या खिडकीत ‘जर्नलसीटीएल -के -एफ’ चालू ठेवलेलं असेल तर परिणाम डोळ्यांसमोर दिसतो: धबधबा चालू होता, एंटर दाबलं, ओळी थांबल्या. कारण एएसपीएम असेल तर सहसा दोन-तीन सेकंदांत निकाल लागतो.

थांबल्या तर पुढची पायरी ही की सगळ्या लॅपटॉपची झोप मोडण्याऐवजी फक्त वाय-फायच्या दुव्याची मोडायची. पॉलिसी परत डिफॉल्टवर न्या. कर्नल ५.५ पासून कार्डाच्या फोल्डरात (पोर्टाच्या नव्हे, कार्डाच्या, उदाहरणार्थ ००००:०२:००.०) ‘लिंक’ नावाचं उपफोल्डर असतं. त्यात ‘एल०एस_एएसपीएम’, ‘एल१_एएसपीएम’ अशा फाइली दिसतात. ‘एल१_एएसपीएम’मध्ये ० लिहा. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर भागतं आणि बाकीच्या उपकरणांची वीजबचत शाबूत राहते.

हे बदल रीस्टार्टला पुसले जातात. कायम करायला ‘/ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी/’ मध्ये शेवटी .कॉन्फ असलेली एक फाइल करून तिच्यात एकच ओळ टाका: आधी ‘डब्ल्यू’ हे अक्षर, मग त्या एल१ फाइलचा पूर्ण पत्ता, मग चार आडव्या रेघा जागा सोडून, मग ०. दर बूटला सिस्टिमडी ते लिहून ठेवेल.

माझ्याकडे ते ‘लिंक’ फोल्डरच नाही.

एक तर कर्नल जुनं आहे, नाहीतर एएसपीएमचा ताबा कर्नलकडे नाही. ‘डीएमईएसजी’मध्ये एएसपीएम हा शब्द शोधा. ‘एसीपीआय एफएडीटी’ने ही सोय नाकारली आहे अशा अर्थाची ओळ दिसली, तर बायोसने कर्नलला हात लावू नको म्हणून सांगितलं आहे. मग बायोसच्या सेटिंगमध्ये ‘पीसीआयई पॉवर मॅनेजमेंट’सारखा पर्याय शोधा. स्वस्त लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तो बहुधा नसतोच.

‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ टाकलं, तरी काही फरक नाही. का?

कारण त्या पर्यायाचं नाव दिशाभूल करतं. ‘ऑफ’ म्हणजे एएसपीएम बंद असं नाही. ‘एएसपीएमला कर्नलने हात लावायचा नाही, बायोसने जे ठरवलंय ते तसंच राहू द्यायचं’ असा त्याचा अर्थ आहे. बायोसने एल१ चालू ठेवून मशीन हाती दिलं असेल, तर ते चालूच राहतं. खरोखर बंद करायचं असेल तर ‘पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स’. आधीचं ‘ऑफ’ काढून टाका, दोन्ही एकत्र ठेवू नका.

तपासायला ‘सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही -एस’ आणि कार्डाचा पत्ता द्या. ‘एलएनकेसीटीएल’ने सुरू होणाऱ्या ओळीत एएसपीएम डिसेबल्ड दिसतंय की एल१ एनेबल्ड, तेवढं वाचा. सेटिंग काय केलंय यापेक्षा ही ओळ काय म्हणते ते खरं.

कर्नलचा पर्याय कायमचा कुठे लिहायचा?

उबुंटू, मिंट, डेबियनवर ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ उघडा. ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’ ही ओळ सगळी मोठ्या अक्षरांत आहे. तिच्या अवतरणचिन्हांत, ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे जागा सोडून पर्याय लिहा, जतन करा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. फेडोरावर ‘सुडो ग्रबी --अपडेट-कर्नल=ऑल --आर्ग्स=’ आणि पुढे पर्याय; इथे ‘ऑल’ मोठ्या अक्षरांत.

फाइलमध्ये लिहिण्याआधी एकदा बूट होताना ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी पर्याय टाकून पाहा. एफ१० दाबलं की तेवढ्यापुरताच लागू होतो. चुकलं तर रीस्टार्ट केल्यावर सगळं पूर्ववत.

चार्जर लावला की त्रुटी थांबतात, काढला की सुरू होतात. हा काय प्रकार?

टीएलपीसारखा वीजबचतीचा प्रोग्रॅम (वरच्या ‘बॅड टीएलपी’शी त्याचा संबंध नाही) बसवलेला असेल. तो चार्जर काढल्यावर एएसपीएमची पॉलिसी बदलू शकतो, आणि तुम्ही हाताने केलेलं सेटिंगही पुसतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘पीसीआयई_एएसपीएम_ऑन_बॅट’ (सगळी मोठी अक्षरं) ही ओळ पाहा.

बॅटरीवर किती परिणाम होईल?

फक्त वाय-फायच्या दुव्याची एल१ बंद केली तर रोजच्या वापरात सहसा जाणवत नाही. सगळ्या मशीनला परफॉर्मन्स लावलं तर जाणवू शकतं, कारण काही लॅपटॉपांत एक जरी दुवा जागा राहिला तरी प्रोसेसर खोल झोपेत जात नाही. तुमच्या मशीनवर काय होतं ते ‘पॉवरटॉप’ दाखवेल.

माझ्याकडे अमुक कार्ड आहे. त्याच्यासाठी वेगळं काही?

रिअलटेक आरटीएल८७२३बीई: या त्रुटीचं नाव घेतलं की आधी आठवतं ते हे. आपल्याकडे डॉस घालून स्वस्तात विकलेले बरेच लॅपटॉप घरी आणून लोकांनी त्यावर उबुंटू टाकलं, त्यांत हे कार्ड पुष्कळ सापडतं. याच्या ड्रायव्हरला स्वतःचा ‘एएसपीएम’ पर्याय आहे. ‘मॉडइन्फो -पी आरटीएल८७२३बीई’ दिल्यावर तो यादीत दिसला, तर ‘/ईटीसी/मॉडप्रोब.डी/’ मध्ये .कॉन्फ फाइल करून ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएसपीएम=०’ लिहा. याच कार्डाची रेंजही रडकी असते. तिथे ‘एएनटी_एसईएल=१’ किंवा २ देऊन पाहा; काही मशीनमध्ये एकच अँटेना जोडलेली असते आणि ड्रायव्हर नको त्या टोकावर ऐकत बसतो. नेट मध्येच गुंगत असेल तर ‘आयपीएस=०’ आणि ‘एफडब्ल्यूएलपीएस=०’.

रिअलटेक आरटीएल८८२१सीई: हे आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हरवर चालतं. इथे लॉगमध्ये ‘फर्मवेअर फेल्ड टु लीव्ह एलपीएस स्टेट’ अशी ओळ येते. म्हणजे झोपेतून उठायचंच नाव नाही, फक्त यावेळी दुवा नाही तर कार्डाचं फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) झोपलंय. ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=वाय’ आणि ‘ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय’ या दोन ओळी.

इंटेल: ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ दिसलं तर फर्मवेअर कोसळून पुन्हा सुरू झालं. लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज अद्ययावत करा आणि ‘ऑप्शन्स आयडब्ल्यूएलएमव्हीएम पॉवर_स्कीम=१’ लावून पाहा.

‘फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर -२’ असं लाल अक्षरांत येतं. फर्मवेअर हरवलंय का?

वाय-फाय चालू असेल तर नाही. -२ म्हणजे ‘अशी फाइल नाही’. इंटेलचा ड्रायव्हर सगळ्यात नव्या आवृत्तीची फाइल आधी मागतो. ती नसली की एक पायरी खाली, मग आणखी खाली, मिळेपर्यंत. प्रत्येक नकाराची एक ओळ पडते. त्यातच ‘योयो.बिन’ नावाची फाइल मिळाली नाही अशी ओळ दिसते. ती डीबगिंगसाठीची आहे, तिच्यावाचून कोणाचं अडत नाही. अ‍ॅथरॉसचा एटीएच१०के ड्रायव्हरही ‘प्री-कॅल’ फाइल शोधून हात हलवत परत येतो. या ओळी बूटला एकदाच येतात. त्यांच्या मागे वेळ घालवू नका.

कर्नल अपडेट केल्याने आपोआप बरं होईल का?

चूक जाईलच असं नाही, पण लॉगचा पूर नक्की ओसरतो. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ६.१६ पासून कर्नल दुरुस्त झालेल्या चुकांच्या नोंदींवर स्वतःच लगाम घालतो: एका उपकरणामागे पाच सेकंदांत साधारण दहा. मोजणी मात्र पूर्ण चालू राहते, त्यामुळे वर सांगितलेल्या फाइलमधला आकडा खराच असतो. नवं कर्नल घेणं शक्य असेल तर नोएईआरचा विचारही करायचं कारण उरत नाही.

बायोसही पाहा. डेल, लेनोवो, एचपी यांच्या बऱ्याच मॉडेलांचे बायोस लिनक्समधूनच अद्ययावत करता येतात: ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर रिफ्रेश’, मग ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर अपडेट’. चार्जर लावून करा. आणि वीज कधीही जाते अशा गावात बॅटरी अर्ध्याच्या वर असल्याशिवाय नको.

नवं कर्नल नको, पण फक्त या एका पोर्टाची बडबड बंद करता येईल?

येईल. ‘सुडो सेटपीसीआय -एस ००:१सी.५ कॅप_ईएक्सपी+८.डब्ल्यू=०:१’. ‘कॅप_ईएक्सपी’ मोठ्या अक्षरांत, पत्ता तुमच्या पोर्टाचा. यातलं ‘०:१’ महत्त्वाचं: पहिलं मूल्य, दुसरं मास्क, म्हणजे फक्त शेवटचं बिट बदलायचं. ते बिट दुरुस्त झालेल्या चुका कळवायच्या की नाहीत एवढंच ठरवतं. गंभीर चुका कळवणारी बिटं जागच्या जागी राहतात. नेटवर मास्क न देता अख्खी संख्या लिहायला सांगणारे नुसखे आहेत. ते त्याच रजिस्टरमधली बाकीची सेटिंगही उडवतात, ते वापरू नका. ही आज्ञा दर बूटनंतर पुन्हा द्यावी लागते.

लॉगला कायमची मर्यादा कशी घालू?

‘/ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ’मध्ये ‘सिस्टिममॅक्सयूज=५००एम’ (एस, दोन्ही शब्दांतले एम आणि यू आणि शेवटचा एम मोठे: सिस्टिमचा एस, मॅक्सचा एम, यूजचा यू) लिहा आणि सिस्टिमडी-जर्नलडी सेवा रीस्टार्ट करा. तसं जर्नल स्वतःहून डिस्कच्या दहा टक्क्यांवर किंवा चार जीबीवर थांबतं, यांपैकी जे कमी असेल त्यावर. आरसिसलॉगच्या साध्या मजकूर फाइलींना अशी मर्यादा नसते, त्यांची पाळी लॉगरोटेट, म्हणजे जुने लॉग ठरावीक वेळाने बाजूला करणारा प्रोग्रॅम, येईल तेव्हा. म्हणूनच फेडोरावर हीच त्रुटी नुसती कटकट वाटते आणि उबुंटूवर ती डिस्क गिळते. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून आरसिसलॉग मुळातच बसवणं सोडलं आहे. तुम्ही सिसलॉग फाइल कधी उघडून पाहत नसाल, तर तुम्हीही ते काढून टाकू शकता.

विंडोजवर हा त्रास नव्हता. म्हणजे लिनक्सच खराब?

विंडोजवर कोणी पाहिलंय? इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’, क्रमांक १७ शोधा. पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टावर दुरुस्त झालेली हार्डवेअर चूक, हेच तिथेही लिहिलेलं असू शकतं. तिथे लॉगचा आकार ठरलेला असतो आणि जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, म्हणून डिस्क भरत नाही. विंडोजवरही इलाज तोच: पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट, ऑफ.

कार्ड बदलूनच टाकू का?

आधी आहे ते काढून पुन्हा नीट बसवून पाहा, स्क्रू घट्ट आहे ना ते बघा. त्यानेही न थांबल्यास बदलणं वाईट नाही, पण तीन गोष्टी तपासा. कार्ड बोर्डावरच जोडलेलं तर नाही? बायोस परकी कार्डं नाकारत तर नाही? जुन्या थिंकपॅडवर १८०२ आणि एचपीवर १०४ क्रमांकाचा नकार येतो. आणि इंटेलचं घेत असाल तर एएक्स२०० घ्या, एएक्स२०१ नको. दिसायला दोन्ही सारखी, पण २०१ चा अर्धा मेंदू इंटेलच्या चिपसेटमध्ये असतो. जुन्या मशीनमध्ये किंवा एएमडीवर ते चालणारच नाही. दुकानदाराला हा फरक माहीत असेलच असं धरून चालू नका.

खरी काळजी कधी करायची?

‘सिव्हिरिटी=अनकरेक्टेड’ दिसलं की. त्यातही ‘फेटल’ असेल तर आणखीच. दुसरं, झाडाच्या त्या फांदीला वाय-फायऐवजी एनव्हीएमई डिस्क असेल तर आधी बॅकअप घ्या, मग बाकीचं वाचा. तिसरं, इतके दिवस शांत असलेलं मशीन पडल्यानंतर किंवा पाणी सांडल्यानंतर अचानक बोलायला लागलं, तर ते सेटिंगने सुटणारं प्रकरण नाही. वॉरंटी असेल तर आधी तिकडे.

मदत मागताना काय काय पाठवू?

‘यूनेम -आर’चं उत्तर, ‘एलएसपीसीआय -टीव्ही’ आणि ‘एलएसपीसीआय -एनएनके’चं पूर्ण उत्तर, ‘सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही’ (सुडोशिवाय निम्मी माहिती गाळली जाते), बायोसची आवृत्ती, आणि ‘डीएमईएसजी’ची सुरुवातीपासूनची प्रत. ती बूट झाल्या झाल्या घ्या. कर्नलचा बफर छोटा असतो, पूर सुरू झाला की पहिल्या मिनिटातला उपयोगी भाग वाहून जातो. मोबाइलवर काढलेला पडद्याचा फोटो नको, मजकूर द्या. आणि नोएईआर टाकलेलं असेल तर ते काढून, रीस्टार्ट करून मगच प्रत घ्या, नाहीतर आम्हाला वाचायला काहीच उरत नाही.